पुढच्या खुर्चीचा दाखला

कारखान्यात त्याला सगळे शिडीभाऊ म्हणत. माणूस अंगानं इतका उंच, की मशीनचे वरचे बोल्ट आवळायला इतरांना शिडी लागायची आणि याचं टाचा उचलून भागायचं. नवा होता तेव्हा कोणीतरी ओरडलं, "अरे, शिडी शोधत काय बसलाय, ही काय शिडी चालत आली!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोला मग सगळे नुसतंच वहिनी म्हणायला लागले. शिडीची बायको म्हणजे नेमकं काय म्हणायचं, हा प्रश्न कोणी फार ताणला नाही.

कंपनी बाटल्या भरणारी मशीनं बनवायची. रिकामी बाटली एका टोकानं आत शिरते, धुतली जाते, भरते, तिच्यावर झाकण बसतं आणि दुसऱ्या टोकाला ती खोक्यात जाऊन पडते. ही मशीनं सुटी करून लाकडी पेट्यांत भरायची, जहाजानं दूरदूरच्या मुलखात पाठवायची, आणि मागोमाग विमानानं शिडीभाऊ जायचा, ती उभी करायला. महिना महिना परक्या गोडाऊनात राहायचा. भाषा कळायची नाही, पण हातवारे करून तिथल्या माणसांकडून काम करून घ्यायचा. पहिली भरलेली बाटली बाहेर पडली, की तिथले लोक टाळ्या वाजवायचे. मालक असो की झाडूवाला, सगळे याच्याशी हात मिळवायचे. शिडीभाऊ त्या टाळ्यांवर पुढचे सहा महिने काढायचा.

घरात टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं. लेक लग्न होऊन लांब गेलेली. घरात हा दोन खोल्यांमधल्या चौकटीवर डोकं आपटायचा आणि वहिनी म्हणायची, "चौकटीला लागलं का हो काही?" बाजारातून वांगी आणायला सांगितली तर पिशवी विसरायचा. नळाचा वायसर बदलायलासुद्धा वहिनी दुसऱ्याला बोलवायची, कारण हा तासभर नळाकडे बघत बसे आणि मग म्हणे, "याचं मूळ डिझाइनच चुकलंय."

आता विमानाचं. या कंपनीत कोण किती पाण्यात आहे ते विमानात कळायचं. सातव्या श्रेणीपासून वरची माणसं पडद्याच्या पुढे बसणार, जिथं खुर्चीचा पलंग होतो. सातवीच्या खालची सगळी पडद्याच्या मागे, जिथं गुडघा पुढच्याच्या पाठीत आणि कोपर शेजाऱ्याच्या ताटात. शिडीभाऊ पाचव्या श्रेणीत लागला आणि पाचवीतच पिकला. पूर्वी एक सवलत होती. दहा तासांच्या वरचा प्रवास असेल, तर मागच्यांनासुद्धा पाय पसरायला जागा असलेली रांग मिळायची. पुढे खर्च कमी करायची लाट आली, नियम नव्यानं लिहिले गेले आणि ती ओळ गळाली. ओळ गाळणारे सगळे पडद्यापुढचेच होते, त्यामुळे कोणाला काही टोचलं नाही.

टोचलं ते शिडीभाऊच्या गुडघ्याला. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पेटी उतरवताना घसरली आणि त्याचा उजवा पाय खाली सापडला. हाडात सळई घातली. पाय वाचला, पण गुडघा अर्ध्यावर येऊन थांबायचा, पुढे वाकायचा नाही. जमिनीवर काम करताना त्याचं काही अडायचं नाही. खुर्चीत बसला की मात्र तो पाय मधल्या वाटेत यायचा. खाण्याची गाडी येऊन त्यावर आदळायची आणि विमानातली मुलगी गोड आवाजात सांगायची, "काका, पाय आत घ्या ना." काका म्हणायचा, "बाई, आत घ्यायला तो माझं ऐकायला पाहिजे." शेवटी तो मागे संडासाजवळ जाऊन उभा राहायचा. त्याच्याबरोबर जाणारे सेक्शनसाहेब पुढे झोपलेले असायचे. वाईट नव्हते ते. एकदा उतरताना त्यांनी पुढच्या वर्गात फुकट मिळणाऱ्या सपाता याला आणून दिल्या. शिडीभाऊच्या पावलाला त्या टाचेपर्यंतही पुरल्या नाहीत. त्यानं त्या वहिनीला दिल्या. वहिनी म्हणाली, "चला, आपल्या घरातलं कोणीतरी पुढच्या वर्गात पोचलं."

मागच्या खेपेला मात्र तो परत आला तेव्हा बूट निघेना. पाय भोपळ्यासारखा फुगलेला, कातडी तुकतुकीत, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. वहिनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. हाडांच्या डॉक्टरांचं पेन नेहमी खिशात गळायचं आणि तो शाईचा डाग फक्त वहिनीलाच काढता यायचा, म्हणून त्यांचा तिच्याशी बोलण्याचालण्याचा संबंध. त्यांनी पाय बघितला, गोळ्या दिल्या, आणि शिडीभाऊ कपडे घालत होता तेवढ्यात तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, या वेळी निभावलं. असा पाय लोंबता ठेवून तासन्‌तास बसलं की आत रक्त साकळतं. त्याची गुठळी वर छातीत गेली तर माणूस बसल्या जागी जातो. शेजाऱ्याला वाटतं, झोपलाय."

ते वाक्य वहिनीच्या डोक्यात जे रुतलं ते निघेना. चादर घडी घालताना, भाजी चिरताना, मध्येच तिला दिसायचं. विमान, रांगा, आणि मान कलती करून झोपलेला एक लांबलचक माणूस.

आणि तेवढ्यात मोठं काम निघालं. कंपनीनं आजवर बनवलेलं सगळ्यात लांब मशीन, समुद्रापलीकडे पार दुसऱ्या टोकाला, चौदा तासांचं उड्डाण. शिडीभाऊची निवृत्ती जवळ आलेली. यानंतर असलं काम त्याच्या वाट्याला येणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं आणि सगळ्या कारखान्यालाही. पेट्या भरताना तो प्रत्येक पेटीवरून हात फिरवायचा, जनावराला निरोप दिल्यासारखा.

"चौदा तास?" वहिनी म्हणाली. "मागे बसून?"

"मग काय पंखावर बसून?"

"मस्करी नको. या पायानं तुम्ही मागे बसून जाणार नाही. सांगून ठेवते."

"अगं, उभा राहीन मी."

"चौदा तास उभे राहणार? बस आहे का ती?"

तिकिटं काढणाऱ्या बाईंना कारखान्यात तिकीटबाई म्हणत. काचेच्या छोट्या खोलीत बसायच्या, सगळ्यांची जागा ठरवायच्या, स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या. शिडीभाऊवर त्यांचा जीव, कारण तो प्रत्येक गावाहून त्यांना तिथल्या विमानतळाचं चित्र असलेलं कार्ड आणून द्यायचा. त्यांनी नियमांची चळत उलटीपालटी केली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा शिडीभाऊ! वैद्यकीय कारण असेल, तर डॉक्टरच्या दाखल्यावर खालच्या श्रेणीतल्या माणसालासुद्धा पुढचा वर्ग देता येतो. आजवर कोणी मागितलाच नाही हो. तुम्ही आणा दाखला, मी पाठवते वर."

शिडीभाऊला ते पटेना. "लोक काय म्हणतील? पाचवीतला माणूस पडद्यापुढे?"

"लोक म्हणतील, शिडी आडवी ठेवली," तिकीटबाई म्हणाल्या. त्याला हसू आलं आणि तिथंच तो फसला.

दाखला आणायला वहिनी गेली. डॉक्टरांचा कडक इस्त्रीचा कोट हातावर घेऊनच गेली. डॉक्टरांनी लिहिलं, गुडघा पुरता वाकत नाही, लांबच्या प्रवासात पाय पसरून बसणं आवश्यक.

वहिनीनं वाचलं. "एवढ्यानं ऐकतील का हो, साहेब? ती मोठी माणसं. त्यांना पाय दुखतो म्हणजे काय ते कळत नाही."

"मग आणखी काय लिहू?"

"जोरात लिहा. नाही म्हणायला तोंड राहू नये असं लिहा. तुमच्या पेनाला काय लागतं?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी जोरात लिहिलं. रक्त साकळण्याचा गंभीर धोका. जास्त वेळ उभं राहणं टाळावं. चढउतार करू नये. जड उचलू नये. कोणत्याही प्रकारचा ताण पायाला घातक. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळं एका कागदावर आलं, एवढंच झालं. वहिनी तो कागद पिशवीत जपून घेऊन घरी आली, जणू पलंगाची खुर्चीच घेऊन आली.

तिकीटबाईंनी कागद वर पाठवला आणि पुढची खुर्ची मंजूर झाली. सकाळी त्यांनी काचेतूनच दोन्ही हात वर करून त्याला खूण केली. कारखान्यात गलका झाला. कोणी वाकून मुजरा केला, कोणी म्हणालं, "साहेब, आमच्यासाठी सपाता आणा." शिडीभाऊ लाजला, पण खूष होता. दुपारपर्यंत खूष होता.

दुपारी सेक्शनसाहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर तोच दाखला होता. नियमच असा होता, की दाखल्याची एक प्रत सुरक्षा विभागात, म्हणजे कामावर अपघात होऊ नयेत हे बघणाऱ्यांकडे, जाते. हे तिकीटबाईंनाही ठाऊक नव्हतं, कारण आजवर दाखला कोणी दिलाच नव्हता.

"शिडीभाऊ, बसा," सेक्शनसाहेब म्हणाले. "खुर्ची मंजूर आहे. पण तुम्ही मंजूर नाही."

"म्हणजे?"

"हे वाचा की. उभं राहू नये, चढू नये, उचलू नये. मग तिथं जाऊन तुम्ही करणार काय? उद्या परक्या देशात तुम्हाला काही झालं, तर पहिला प्रश्न विचारतील, असा माणूस पाठवला कसा?"

"साहेब, काम मी रोज करतोय. इथं, तुमच्या डोळ्यांसमोर. फक्त बसता येत नाही."

"मला माहीत आहे हो."

"मग तसं लिहून आणतो. काम करता येतं, खुर्चीत बसता येत नाही."

साहेबांनी कपाळ चोळलं. त्यांनी सुरक्षा विभागाशी आधीच भांडून घेतलं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "तेही विचारलं मी. ते म्हणतात, एक तर पाय बरा आहे, मग मागे बसा. नाही तर पाय बरा नाही, मग घरी बसा. मधलं काही नियमात नाही. डॉक्टरनं पूर्ण तंदुरुस्त म्हणून लिहून दिलं, तर तुमचं नाव परत घालतो. आठवडा आहे हातात. पण मग मागची खुर्ची, हे लक्षात ठेवा."

तोवर ठेंगण्याचं नाव घातलं होतं. ठेंगणा म्हणजे शिडीभाऊच्या हाताखाली तयार झालेला फिटर. कुठल्याही खुर्चीत बसला तरी त्याचे पाय अधांतरी राहायचे. चांगला कारागीर, पण अडचण आली की आधी घाम फुटणारा. तो शिडीभाऊसमोर येऊन नुसता उभा राहिला. "भाऊ, मी नाही मागितलं हे."

"माहीत आहे. जा, स्पॅनर पुसून ठेव."

लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात. शिडीभाऊनं पाय दाखवून करून घेतलं, असं कारखान्यात कोणीतरी म्हणालं. फारसं कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर त्यानं वहिनीला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. तिला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं. "तू चांगल्यासाठीच केलंस," तो म्हणाला, आणि ते वाक्य तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. मग म्हणाला, "आता एक कर. डॉक्टरांकडून दुसरा दाखला आण. पाय ठणठणीत आहे म्हणावं."

"म्हणजे मागे बसून जाणार?"

"जाणार."

"चौदा तास."

"अगं, माझं शेवटचं काम आहे ते. पेट्या पोचल्यासुद्धा तिथं. ठेंगण्याला नाही जमायचं. आणि जमलं तरी..." तो थांबला. "जमलं तरी, मला तिथं असायचंय."

एवढं उघड त्यानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. वहिनी ताटं वाढायला वळली. तो म्हणाला, "नाही तर मीच जातो डॉक्टरांकडे."

"नको," ती घाईनं म्हणाली. "तुम्ही लंगडत आत गेलात की झालंच. मी बघते."

दुसऱ्या दिवसापासून कंपनीनं त्याला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत बसवलं, मशीनचे नकाशे फायलींत लावायला. खाली मशीनांचा आवाज यायचा. संध्याकाळी घरी आला की तो जेवायच्या टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या सारून ते सपाटीला आणत बसायचा. टेबल हलत नव्हतं. वहिनी बघायची आणि आत जायची.

आठवड्याची मुदत सरत आली तशी ती कोट घेऊन हाडांच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते चादरी पिळताना घोकून ठेवलं होतं. चूक माझी आहे साहेब, मीच जोरात लिहायला सांगितलं, आता हलकं लिहा. डॉक्टर तिला बघून म्हणाले, "या बाई! काय, काम झालं का? मिळाली पुढची खुर्ची?"

वहिनीनं तोंड उघडलं. तिला रांगा दिसल्या. पडद्यामागची शेवटची रांग, वाटेत आलेला पाय, कलती मान. शेजाऱ्याला वाटतं, झोपलाय.

"मिळाली, साहेब," ती म्हणाली.

"छान! मग? पेढा नाही निदान एखादं बिस्किट?"

"आणते की," म्हणाली, आणि कोट खुंटीला लावून खाली आली. धुलाईखान्यात येऊन तिनं चालू असलेलं मशीन बंद केलं आणि परत चालू केलं. हाताखालची पोरगी म्हणाली, "वहिनी, चालूच होतं की ते."

घरी तो दारातच उभा होता.

"डॉक्टर नाही म्हणाले," तिनं सांगितलं.

"नाहीच म्हणाले?"

"नाही म्हणाले. कालचा पाय आज कसा बदलला, असं विचारलं."

शिडीभाऊनं मान हलवली. तिला वाटलं आता तो म्हणेल, मी जातो. कदाचित तो तसं म्हणावा असंही तिला आत कुठेतरी वाटत होतं, कारण मग तिच्या हातात काही उरलं नसतं. पण तो म्हणाला, "बरोबरच आहे त्यांचं. एकदा लिहिलेलं कसं फिरवतील? शिकलेली माणसं," आणि आत जाऊन आडवा झाला. त्यानं तिच्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता. आज दाखवला असता तर ती वाचली असती.

ठेंगणा आणि सेक्शनसाहेब गेले. साहेब पडद्यापुढे, ठेंगणा मागे. शिडीभाऊच्या नावानं मंजूर झालेली ती एक खुर्ची कोणाला मिळाली कोणास ठाऊक.

त्यानंतर शिडीभाऊ बोलायचा, खायचा, कामाला जायचा. डॉक्टरांचा विषय निघाला की मात्र त्याचा स्वर कडवट व्हायचा. "तुझ्या त्या डॉक्टरला सांग, शाईचा डाग आता त्याचा त्यानं काढावा." वहिनी खाली बघायची. इस्पितळात डॉक्टर अगत्यानं विचारायचे, "कसे आहेत मालक? आरामात पोचले ना?" तिथंही ती खाली बघायची. दोन्हीकडे एकच मान खाली.

मग एका रविवारी, रात्रीचं जेवण आटोपलं असताना फोन वाजला. पलीकडे ठेंगणा होता. मागे माणसांचा कलकलाट.

"भाऊ, बाटल्या आडव्या होतायत. भरल्यावर, झाकणाच्या आधी. सगळं दोनदा खोललं. साहेब डोक्यावर उभे आहेत. पाहुणे येऊन बसलेत. काय करू?"

शिडीभाऊ एकदम ताठ बसला. वहिनी इस्त्री करत होती, तिचा हात थांबला. कितीतरी दिवसांनी तिनं त्याचा तो आवाज ऐकला.

"घाम पूस आधी. पुसलास? आता सांग, सगळ्या आडव्या होतात का मधूनच एखादी?"

"मधूनच."

"मग खोलू नको काही. कुलूप काढायला घर पाडतोस काय! बाटल्या वळतात तिथं जा. बाटलीच्या मानेशी जी पट्टी असते ना, तिच्यावर हात ठेव. थरथरतेय?"

"हो भाऊ... हो, हलतेय."

"खालून दुसरा बोल्ट. तिथं हात पोचत नाही, म्हणून सगळे तो अर्धाच आवळतात. तू पण. झोप जमिनीवर."

"झोपलो."

"आवळ. आणखी. रडला पाहिजे बोल्ट. बस्स. आता सोड."

शिडीभाऊ फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला होता. मोकळा हात हवेत पुढे, पट्टीवर ठेवल्यासारखा. पलीकडून मशीनचा आवाज आला, आधी अडखळत, मग सलग. बाटल्या एकमेकींना लागून किणकिणत पुढे सरकायला लागल्या. त्याचे ओठ हलत होते, तो त्यांच्या मागोमाग चालल्यासारखा. आणि मग टाळ्या. मोठ्यानं, शिट्ट्यांसकट.

ठेंगणा आनंदाच्या भरात फोन ठेवायला विसरला होता. त्याच्या खिशातून आवाज येत राहिला. परकी भाषा, हसणं, मग सेक्शनसाहेब भाषण करतायत. कंपनीच्या वतीनं आभार, पाहुण्यांचे आभार, आमच्या इथं हजर असलेल्या सगळ्या सहकाऱ्यांचे आभार. पुन्हा टाळ्या. शिडीभाऊ भाषण संपेपर्यंत उभा होता. लोक पांगले, आवाज विरळ झाला, नुसतं मशीन ऐकू येत राहिलं, तरी तो ऐकत होता. मग तिकडून फोन कटला.

वहिनीला वाटलं, आता सांगावं. ती एक पाऊल पुढेही आली.

"चालू झालं," तो म्हणाला. फोन त्यानं टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. इतका वेळ उभं राहिल्यानं त्याचा घोटा सुजायला लागला होता, हे तिला तिथूनच दिसत होतं.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

त्यानं पाय वर घेतला. तिनं त्याखाली उशी सारली, नीट केली, आणि परत जाऊन इस्त्री करायला लागली.